तिसऱ्या रात्री जायचं कुठं? (सोलापूर, दारू, एमडी आणि दवाखाना)

कांडीवाला

माझा धाकटा भाऊ अकरा वर्षं माग चालवतो. आमच्या पूर्व भागात मागावरच्या माणसानं संध्याकाळी घेतली तर त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. बारा तास उभा असतो, दमतो बिचारा, एवढंच. त्याचं पिणं संध्याकाळवरून सकाळवर कधी आलं ते घरात कुणाला कळलं नाही. त्यानंच नंतर सांगितलं. उठल्यावर हात थरथरायचा, तुटलेल्या तारेला गाठ मारता यायची नाही, म्हणून कारखान्यात जायच्या आधी नव्वद मारायचा. मग हात जागेवर यायचा.

गेल्या आषाढीला आईनं त्याला पंढरपूरला नेऊन माळ घातली. आमच्याकडे माळ म्हणजे शब्द. आणि त्यानं शब्द पाळला हो, तिथंच सगळं बिनसलं. पहिला दिवस घाम आणि मळमळ. दुसऱ्या दिवशी दुपारी झटका आला, तोंडाला फेस. मिरगी समजून नाकाला चप्पल लावली. तिसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला मला जाग आली तर हा अंथरुणात बसून हवेत गाठी मारत होता. दोन बोटांत तार धरायची, पिळायची, सोडायची, पुढची धरायची. "दादा, माग बंद कर, सगळी तार तुटायलीय." घरात माग नाही. कारखाना दोन गल्ल्या पलीकडे.

शेजारच्या काकू म्हणाल्या बाहेरचं आहे, लिंबू उतरवा. मामा म्हणाला एक क्वार्टर पाजा, आत्ता शांत होतो. आई मामावर धावून गेली, गळ्यात माळ आहे म्हणून. रिक्षात घालून एका खासगी दवाखान्यात नेलं. दारावरच विचारलं, पितो का? म्हटलं, प्यायचा, तीन दिवसांपूर्वी सोडली. "मग इथं नाही घेत." चौकात पोलिसांची गाडी होती, ते म्हणाले सकाळी बघू. शेवटी सिव्हिलला गेलो. तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, "शेवटची कधी घेतली?" तीन दिवसांत हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस. पाच दिवसांनी भाऊ चालत घरी आला.

म्हणजे माझा भाऊ दारू पिऊन नाही, दारू सोडून मरायला टेकला होता. बाळंतपणाची तारीख कळली की आपण दवाखाना ठरवतो, रिक्षावाल्याला सांगून ठेवतो. दारू सोडायची तारीख एकादशीची ठरली होती, दवाखाना ठरला नव्हता. कारण दारू सोडणं म्हणजे मनाचा निग्रह, त्यात डॉक्टरचं काय काम? दारू असो, एमडी म्हणजे मेफेड्रोनची पावडर असो, हा आरोग्याचा प्रश्न म्हणून हाताळायला पाहिजे असं मला आता वाटतं. शहाण्यांनी सांगा, कुठं चुकतोय.

शेंगाचटणी

चुकत नाही दादा. वाचताना अंगावर काटा आला. भाऊ आता कसा आहे?

कांडीवाला

मधे एकदा घसरला. ते नंतर लिहितो.

सिस्टर_ब

वॉर्डात नोकरी केलीय, म्हणून लिहिते. तुमच्या भावाला जे झालं त्याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आम्ही नुसतं डीटी. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दिवसात थरथर, घाम, उलटी. झटके बहुतेक पहिल्या दोन दिवसांत. आणि दोन ते चार दिवसांच्या मधे ते भास, भीती, ताप, नाडी पळणं. मेंदू इतकी वर्षं दारूच्या ब्रेकवर चालत असतो, ब्रेक एकदम काढला की गाडी सुसाट. उपचार मिळाला नाही तर माणूस जातो. आपला नेहमीचा धंदा हवेत करत बसणं आम्ही पुष्कळदा बघितलंय. एक रिक्षावाला रात्रभर कॉटवर हँडल वळवत होता. एक बाई विड्या वळत होत्या. हो, बाईच.

याला औषध आहे. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम, मोजून आणि दिवसागणिक कमी करत. सोबत बी-वन जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, इंजेक्शनातून. आणि गल्लीतल्या डॉक्टरकडून परस्पर 'ताकदीचं सलाइन' लावून घेऊ नका. ग्लुकोज आधी गेलं आणि बी-वन नाही, तर मेंदूला इजा होऊ शकते.

मामांचा राग करू नका. क्वार्टर हा उपचार नव्हे, त्या अवस्थेत पाजली तर ती श्वासनलिकेत जायची. पण आजार कशामुळे आलाय ते त्या रात्री तुमच्या घरात फक्त मामांना कळलं होतं.

सडेतोड

सहानुभूती आहे, पण 'आजार' हा शब्द फार स्वस्त झालाय. डेंग्यू डास चावल्यामुळे होतो. दारू कुणी नरड्यात ओतत नाही. आणि दारू एक वेळ सोडा, एमडीचं काय? २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी आपल्या चिंचोळी एमआयडीसीत मेफेड्रोनचा कारखाना पकडला. पुढच्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभला पकडला. चादरी आणि टॉवेलसाठी ओळखलं जाणारं गाव कुठल्या बातमीत येतंय बघा. या एमडीवाल्यांना पण सलाइन लावायचं का? मुळावर घाव घाला, माल बंद झाला की नशा आपोआप बंद.

काळा_कोट

सडेतोड, बनवणारा आणि ओढणारा यांत कायदाही फरक करतो, आपण करत नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा. मेफेड्रोन त्यात २०१५ मध्ये आलं, तोवर ते सर्रास मिळायचं. व्यापारी प्रमाणात विकणाऱ्याला दहा ते वीस वर्षं, आणि ते योग्यच आहे. सेवन करणाऱ्याला कलम २७, पदार्थाप्रमाणे सहा महिने किंवा वर्षापर्यंत. आणि कलम ६४अ कुणी वाचलंय का? सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातल्या व्यसनी माणसानं स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार मागितला आणि पूर्ण केला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. अर्धवट सोडला तर सवलत जाते. कलम ३९ प्रमाणे न्यायालय दोषी व्यसनी माणसाला तुरुंगाऐवजी उपचारासाठी सोडू शकतं. म्हणजे चाळीस वर्षं जुन्या, कडक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्याच्या पोटातच दवाखान्याचं दार ठेवलेलं आहे. माझ्याकडे पोराला घेऊन येणाऱ्या दहा आईबापांपैकी एकालाही हे माहीत नसतं. खरं सांगायचं तर आमच्या बार रूममध्ये तरी किती जणांना माहीत आहे देव जाणे.

दारूला हा कायदा लागत नाही. तिथं दारूबंदी कायद्याचं कलम ८५, पिऊन धिंगाणा घातला की. दंड भरून माणूस संध्याकाळी परत गुत्त्यावर.

हुरडा

कायद्याचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, १९४९ च्या कायद्यापासून. त्या परवान्यात कारण काय असतं माहितीये? प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी! म्हणजे सरकारनं दारू हा आरोग्याचा विषय आहे हे केव्हाच मान्य केलंय, फक्त उलट्या बाजूनं. 😄

तांड्यावरचा

हसा. मी तांड्यावरचाच, म्हणून दुसरी बाजू सांगतो. आमच्याकडे हातभट्टीवर पोलिसांच्या धाडी मी लहानपणापासून बघितल्या. पेपरात ठरलेली ओळ, 'इतके लिटर गूळमिश्रित रसायन नष्ट'. भट्टी फोडायची, आठ दिवसांनी ओढ्याच्या पलीकडे दुसरी पेटायची. गूळ, नवसागर, बॅरल, भांडवल ते किती? मग २०२१ मध्ये तेजस्वी सातपुते मॅडम ग्रामीणला एसपी असताना 'ऑपरेशन परिवर्तन' आलं. अधिकाऱ्यांनी एकेक गाव, तांडा वाटून घेतला, मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी घरोघर बसून बोलले, दुसरा धंदा काढायला मदत केली. सगळ्या भट्ट्या बंद झाल्या असं मी म्हणणार नाही. पण गाळणाऱ्याला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, हे सोडून काय करशील?

पिणाऱ्याला मात्र कुणी विचारलं नाही. आमचा एक गिऱ्हाईक होता, हमाली करायचा. भट्टी बंद झाली तसा तो चार किलोमीटर चालत दुसरीकडे जायला लागला. सडेतोड साहेब, माल बंद झाला की तहान बंद होत नाही.

पद्मा_गल्ली

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्या पाहुण्यांच्या गावात झालं. आम्ही तेलुगू, निम्मे नातेवाईक निजामाबाद भागात. तिकडे शिंदी म्हणजे पाण्यासारखी. झाडाची शिंदी पुरत नाही, मग पाण्यात क्लोरल हायड्रेट नाहीतर अल्प्राझोलाम मिसळायचं. लोक समजतात शिंदी पितोय, पितात झोपेची पावडर. २०१५ साली तेलंगणात या भेसळीवर कडक कारवाई झाली. कारवाई बरोबरच होती. पण दोन-चार दिवसांत माणसं रस्त्यावर पडायला लागली. झटके, बडबड, कपडे फाडणं. शेकड्यांनी दवाखान्यात. हैदराबादच्या एर्रागड्डाच्या मनोरुग्णालयात रांगा. माझ्या मावशीचे यजमान त्यात होते. त्यांना आपण नशा करतो हेच माहीत नव्हतं!

कारवाईच्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यांना आधी कळवलं असतं, खाटा आणि गोळ्या तयार ठेवल्या असत्या, तर? शिंदीची भेसळ आपल्याकडेही नवी नाही, हे पूर्व भागातल्या लोकांना सांगायला नको.

हुरडा

लॉकडाउनमध्ये केरळात हेच. दुकानं एकदम बंद, मार्च २०२०. आत्महत्या झाल्या. सरकारनं डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला, डॉक्टर संघटना चिडल्या, हायकोर्टानं स्थगिती दिली. दारू ही औषधाची चिठ्ठी नव्हे, हे डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. पण प्रश्न तोच, तिसऱ्या रात्री कुठं.

अबोली

मी इथं सहसा लिहीत नाही. वरचं सगळं वाचलं. सगळ्यांना दारुड्याची फार कणव आली आहे, म्हणून लिहिते.

माझ्या नवऱ्याला पण आजार आहे म्हणायचं का? त्यानं माझं मंगळसूत्र विकलं. मुलीच्या शाळेची फी विकली, म्हणजे फीचे पैसे. मला मारलं तेव्हा मी चार महिन्यांची गरोदर होते. माझ्या सासऱ्यांना शुगर होती, पायाचं बोट कापलं, पण त्यांनी सासूवर हात उचलला नाही. आजारी माणूस बायकोची हाडं मोडत नाही. 'आजार आहे हो' म्हटलं की माझी सासू लगेच म्हणते, बघ, त्याचा दोष नाही, तूच समजून घे. तुमच्या या सार्वजनिक आरोग्यात माझी खाट कुठं आहे?

सडेतोड

ताई, मी हेच म्हणत होतो.

अबोली

तुम्ही हे म्हणत नव्हता. तुम्ही त्याला आत टाका म्हणत होता. आत टाकला की आठ दिवसांनी बाहेर येतो आणि तक्रार मी केलेली असते.

कांडीवाला

अबोलीताई, दोन दिवस विचार केला, उत्तर असं सापडलं नाही. एवढंच म्हणतो की मारणं हा आजार नाही, तो गुन्हा आहे, आणि त्याच्यासाठी वेगळा कायदा आहे. आजाराचं निमित्त करून ते पुसू नये. माझा भाऊ मारायचा नाही, म्हणून मला हे लिहिणं सोपं गेलं असेल. मूळ पोस्टमध्ये मी वहिनीबद्दल एक ओळ लिहिली नव्हती. तुमची पोस्ट वाचल्यावर लक्षात आलं. त्या रात्री रिक्षात त्याचं डोकं मांडीवर धरून बसली होती ती वहिनीच.

शून्यापासून

मी पिणारा. सहा वर्षं झाली, नाही घेतली. आजची नाही घेतली असं म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे.

अबोलीताईंचं सगळं खरं. मी पण घरात कमी त्रास दिला नाही. पण मला 'नालायक' लोकांनी वीस वर्षं म्हटलं आणि मी वीस वर्षं प्यायलो. नालायक माणसानं प्यायची नाही तर काय करायचं? पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात गेलो तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, आजार तुझी चूक नाही, पण बरं व्हायची जबाबदारी तुझी. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं, तेव्हा पुण्यातली शिकली-सवरलेली पोरं गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, ओढून मरत होती. तिथं बायकांशी, घरच्यांशी वेगळं बोलतात, हे मला महत्त्वाचं वाटतं. माझ्या बायकोला तिथल्या ताईंनी सांगितलं होतं की त्याला परत घरात घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मला तेव्हा राग आला होता.

त्याआधी मी आणखी एका ठिकाणी होतो, नाव घेत नाही, दुसऱ्या जिल्ह्यात. 'व्यसनमुक्ती केंद्र' अशी पाटी. रात्री घरातून उचलून नेलं, पायाला साखळी, सकाळी दंडुका. तीन महिने. बाहेर आलो आणि स्टँडवरच प्यायलो.

काळा_कोट

साखळी बांधणं हा गुन्हा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून येणारी अवस्था त्या कायद्यानं मानसिक आजारात धरलीय, आणि कलम ९५ प्रमाणे कुणालाही कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधता येत नाही. केंद्र निवडताना नोंदणी दाखवा म्हणायचं, डॉक्टर रोज येतो का विचारायचं, आणि पेशंटला भेटू देत नसतील तर त्या दारातूनच परत फिरायचं.

अबोलीताई, तुमच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. त्यात घरात राहण्याचा हक्क मिळतो, त्याला तुमच्याजवळ यायला मनाई करता येते. त्याच्यावर उपचार चालू असले तरी हे करता येतं. दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत.

मिसळ_पोळी

पोर्तुगालनं २००१ मध्येच हे केलं की, नशा करणाऱ्याला गुन्हेगार न धरता उपचाराकडे पाठवायचं. सगळ्या अमली पदार्थांसाठी.

सडेतोड

पोर्तुगालात काय सगळं खुलं आहे? नीट वाचा जरा.

मिसळ_पोळी

खुलं नाहीच. विकणं गुन्हाच आहे. दहा दिवसांच्या वापरापुरता माल सापडला तर कोर्टाऐवजी तिघांच्या एका समितीपुढे जायचं, ती उपचाराचं बघते. नव्वदच्या दशकात तिकडे शंभरात एक माणूस हेरॉइनच्या नादी लागला होता, तेव्हा जेल भरून काही होईना म्हणून हा मार्ग. पण नुसता कायदा बदलून नाही झालं, उपचार केंद्रं वाढवली, पैसा ओतला. पैसा आटला की तिथंही कुरकुर सुरू होते.

तांड्यावरचा

अख्ख्या पोर्तुगालची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास. आपल्या एकट्या जिल्ह्याची २०११ लाच त्रेचाळीस लाख होती. समितीचं राहू द्या, तालुक्याला दारू सोडवणाऱ्या चार खाटा आणि ती वर सिस्टरनी सांगितलेली गोळी, एवढं झालं तरी पुष्कळ.

सिस्टर_ब

अगदी. एम्सनं देशभर पाहणी केली होती, २०१९ ला अहवाल आला. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या अडतीस जणांमागे एकाला कुठला ना कुठला उपचार मिळाला होता. दाखल होऊन उपचार, एकशे ऐंशी जणांत एकाला. टीबीच्या बाबतीत असा आकडा आला असता तर मंत्र्यांना घाम फुटला असता.

एमडीबद्दल सडेतोड यांनी विचारलं होतं. तिथं अडचण मोठी आहे हे मी मान्य करते. अफू-हेरॉइनला ब्युप्रेनॉर्फिनसारखी गोळी आहे, एमडीला तशी गोळी नाही. पोरं तीन-तीन रात्री झोपत नाहीत, संशय घेतात, आई जेवणात काहीतरी घालते म्हणतात. झोप, संशय, नैराश्य यांवर औषध देता येतं. बाकी समुपदेशन, पुन्हा पुन्हा, महिनोन् महिने. म्हणून तर पोलीस ठाण्यापेक्षा लवकर दवाखान्यात यायला हवीत.

आणि 'जेवणात घालते' वरून आठवलं. बायांनो, कृपा करून नवऱ्याच्या आमटीत गुपचूप दारू सोडवायची पावडर घालू नका. 'न सांगता दारू सोडवा' म्हणून जाहिरात करतात ती. त्यात पुष्कळदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना माणूस प्यायला की चेहरा लाल, छाती धडधड, रक्तदाब खाली, जीव जाऊ शकतो. हे औषध चांगलं आहे, पण माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनं, डॉक्टरच्या हाताखाली.

अबोली

मी घातली होती. दोन वर्षांपूर्वी. तो आमच्या दारात पडला, आम्हाला वाटलं अॅटॅक. मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

सिस्टर_ब

ताई, तुमच्यासारख्या पुष्कळ आहेत. तुम्हाला कुणी दुसरं दारच दाखवलं नव्हतं.

कांडीवाला

भावाचं राहिलं होतं. गड्ड्याच्या यात्रेत घसरला, जानेवारीत. पूर्वीचा मी असतो तर माळ तोडली म्हणून कानाखाली दिली असती. यावेळी दुसऱ्याच दिवशी सिव्हिलला मानसोपचारात नेलं. डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, शुगर वाढली की इन्सुलिन बदलतो, तसं बघू. आता अर्धी पाळी करतो. माळ आईनं परत घातली, आणि यावेळी माळेबरोबर गोळ्यांचा डबा पण देव्हाऱ्यात ठेवलाय. कारखान्याच्या मालकांनी पगारवाढ मागितली तर नाही दिली, पण सोमवारी दवाखान्याची सुट्टी खाडा धरत नाहीत. त्यांचाही मुलगा पितो, हे मला मागाहून कळलं.

सडेतोड

एमडी विकणाऱ्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण ते तिसऱ्या रात्रीचं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या वाचमनला सोसायटीनं ताकीद दिली होती, उद्यापासून दारू बंद नाहीतर नोकरी बंद. ते पत्र मीच टाइप केलं होतं. उद्या त्याच्याशी बोलतो.

सिस्टर_ब

बोला. एकदम सोडू नको म्हणा, आधी डॉक्टरला दाखव. रात्री-अपरात्री काही वाटलं तर १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. व्यसनासाठी १४४४६ पण आहे. झटका आला, किंवा भास सुरू झाले, तर फोनवर वेळ घालवू नका, १०८ बोलवा आणि सांगा की दारू सोडलीय. लपवू नका.

अबोली

सिस्टर, एक विचारू? मी वेगळं राहायचं ठरवलंय, काळा कोट साहेबांना मेसेज केलाय. पण त्याआधी त्याला एकदा दाखवून द्यावं असं वाटतं. नाहीतर तो तिकडे एकटा मरेल आणि मुलीला आयुष्यभर ते राहील. दारूच्या डॉक्टरकडे चल म्हटलं की तो उठून निघून जातो. शुगर तपासायची आहे असं सांगून आणू का?

सिस्टर_ब

खोटं सांगू नका, दारातच कळतं आणि मग परत कधी येत नाही. तो रात्री झोपतो का?

अबोली

दोनपर्यंत तळमळतो. पहाटे उठून हात कापतो.

सिस्टर_ब

मग तेच सांगा. "तुम्हाला झोप लागत नाही, त्याचं औषध आणू." सकाळीच या, म्हणजे केसपेपरच्या रांगेत फार उभं राहावं लागणार नाही. आणि आदल्या दिवशी प्यायला असला तरी तसाच आणा. दारू सोडून ये, मग दाखवू, असं म्हणत थांबू नका.